पाच तांबे पाणी

नारळ फुटल्याचा आवाज मला सहन होत नाही. कुणाच्या दुकानाचं उद्घाटन असो की नव्या गाडीची पूजा, नारळ हातात घेतलेला माणूस वाकला की मी चार पावलं मागं सरते. पुण्यात आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हाही कुणीतरी हौसेनं नारळ आणला होता, आणि मी जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर जाऊन उभी राहिले होते. लोक हसतात. मी त्यांना हसू देते. कारण सांगायला लागले तर मी थेट आमच्या माळावरच्या त्या दगडापाशी जाऊन पोचेन, आणि तिथून मला लवकर परत येता येत नाही.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. जमीन मुरमाड, पाणी बेताचं, वारा मात्र उदंड. गावात काही घरं फटाके करतात, त्यातलं एक आमचं. आजोबांनी सुरू केलं, आण्णांनी वाढवलं. आण्णा म्हणजे माझे वडील. परवाना, तारेचं कुंपण, पाण्याची पिंपं, वाळूच्या बादल्या, सगळं रीतसर. शेड एकमेकींपासून लांब बांधलेल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहावी. हे असं मी सहज म्हणते, कारण लहानपणापासून तसंच ऐकलं. कागदाच्या नळ्या वळायची शेड वेगळी, वातीची वेगळी, आणि सगळ्यांत दूर, माळावरच्या कडुलिंबाच्याही पलीकडं, मसाल्याची खोली. मसाला म्हणजे फटाक्याची दारू. स्वयंपाकाच्या मसाल्याला आमच्या घरात त्यामुळं नेहमी ‘भाजीचा मसाला’ म्हणावं लागायचं.

तिथले नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. चपला कुंपणाबाहेर. मोबाइल कुंपणाबाहेर. हत्यारं लाकडाची नाहीतर पितळेची. कामावरच्या सवाष्ण बायकांच्या पायांत जोडवी असायची, ती काढा म्हणणं अशुभ आणि ठेवा म्हणणं धोक्याचं. त्यावर माझ्या आजीनं तोड काढली होती, ती आजही चालते. आत जाताना जोडव्यांवर सुती चिंधी घट्ट बांधायची. नवरात्रात तुळजापुराहून पोरं ज्योत घेऊन पळत येतात, तीही आमच्या रस्त्याला वळत नाही. फाट्यावरूनच आमच्या शेडकडं तोंड करून आई राजा उदे उदे म्हणतात आणि सरळ गावात जातात.

आण्णा म्हणायचे, “दारूला तीन गोष्टीचा राग येतो. ऊन, रेती आन् घाई.” एवढीच त्यांची विद्या आणि त्यावर चाळीस वर्षं काढलेली. मसाल्याच्या खोलीच्या उंबऱ्याला काळा दगड आहे. भल्या पहाटे काम सुरू व्हायचं आणि ऊन चढायला लागलं की आण्णा थोड्या थोड्या वेळानं येऊन त्या दगडावर हात ठेवायचे. दगड तापला असं त्यांना वाटलं की म्हणायचे, “बंद करा.” मग कितीही काम राहिलेलं असो, मसाल्याला त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही.

मी त्यांना पुण्याहून एक यंत्र नेऊन दिलं होतं. पिस्तुलासारखं धरायचं, दगडावर रोखायचं, आकडा दिसतो. आण्णांनी ते कौतुकानं फिरवून बघितलं आणि देवघरात ठेवून दिलं. “यंत्राला दारूचा राग काय कळतोय?” म्हणाले. पुढं आईनं त्यानं शेजारपाजारच्या पोरांचा ताप मोजायला सुरुवात केली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

कारण माझी नोकरीच ही. पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत मी बारा वर्षं स्फोटक पदार्थांच्या चाचण्या करते. चिमूटभर नमुना दोन पोलादी तुकड्यांमध्ये ठेवायचा, वरून ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं, आणि जाड काचेमागून बघायचं. एक तर ‘झालं’ लिहायचं, नाहीतर ‘नाही झालं’. उंची थोडी वाढवायची, थोडी कमी करायची, पुन्हा सोडायचं. दिवसभर हेच. माझी आत्या म्हणते, “एवढं शिकून हातोडाच पाडायचा व्हता, तर लोहाराकडं नसतं का धाडलं तुला?” दुसरं यंत्र आहे, त्यात नमुना हळूहळू तापवतात. बराच वेळ तो शांत असतो. मग एका ठिकाणी तो स्वतःहून तापायला लागतो, आणि त्याच्या आधी वरवर काहीच दिसत नाही.

या नोकरीनं मला दोन गोष्टी शिकवल्या आणि दोन्हींनी माझी शांतता घालवली. पहिली अशी की त्याच नमुन्यावर त्याच उंचीवरून तेच वजन सोडलं तर एकदा होतं आणि एकदा होत नाही. काल झालं नाही म्हणून आज होणार नाही, असं काही नसतं. दुसरी अशी की नमुन्यात बारीक खर आली, अगदी दातांखाली कचकचेल एवढीच, तर निम्म्या उंचीवरूनही होतं. आण्णा ज्याला रेतीचा राग म्हणायचे, तो मी माझ्या वहीत रोज लिहीत होते.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मुळातच मी चिडकी, त्यात हे. कुणी टेबलावर ग्लास आपटला की अंगावर येतं. रोज सकाळी दहाच्या सुमाराला मी आण्णांना फोन करायचे. ते कुंपणाबाहेर येऊन फोन बघायचे आणि परत करायचे. “दगड कसा आहे?” मी विचारायचे. “गार हाय,” नाहीतर “तापला, बंद केलं,” एवढंच उत्तर. ते ऐकलं की मला तासभर बरं वाटायचं.

आता त्या वर्षीच्या खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्याकडं काम बंद असतं. पितळेच्या चाळण्या, लाकडी फावडी, तागडी, सगळं धुऊन मांडतात, हळदीकुंकू वाहतात. आणि शेवटी मसाल्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर, त्याच काळ्या दगडावर, आण्णा नारळ फोडतात. हे आजोबांपासून चालत आलेलं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी त्यांना म्हटलं होतं, “आण्णा, अख्ख्या माळावर नारळ फोडायला हीच जागा सापडली का?” ते हसले. “इतकी वर्षं फोडतोय. नारळच फुटतो.” मी वाद घातला, आरडाओरडा केला, जेवले नाही. काही उपयोग झाला नाही. पुढं मी गप्प बसायला शिकले, कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. नारळाच्या आधी आई त्या दगडावर पाच तांबे पाणी ओतायची. चांगलं भळभळ, फटीफटीतून, आणि आण्णा लगेच त्या ओल्या दगडावर नारळ हाणायचे. भिजलेल्या दगडाला मी तेवढी भीत नव्हते. आईनं रांगोळीही कधी दगडावर काढली नाही. ती खाली अंगणात काढायची.

त्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला झालेलं, तरी अजून तिला माळावरची चढण जमत नव्हती. म्हणून ती घरी राहणार होती आणि मी येणार होते.

मी पहाटेच निघाले. पण तुळजापूरच्या गर्दीनं गाड्या तुंबल्या होत्या. बार्शीला दीड तास उभी राहिले, मग एक एसटी मिळाली ती दर थांब्याला माणसं कोंबत चालली. दहाला पोचायची ती मी फाट्यावर उतरले तेव्हा बाराला थोडाच वेळ होता. वाटेत तीनदा फोन करून सांगितलं होतं, तुम्ही उरकून घ्या. आण्णांचं उत्तर ठरलेलं. “लेक आल्याबिगर नारळ फुटायचा न्हाय.”

ते मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे होते. टोपी, पांढरा सदरा, पायांत नवी चप्पल. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी उशीर झाल्याची माफी मागायचीही विसरले. म्हणाले, “चहा घे, मग चल. बायका खोळंबल्यात.” टपरीवाल्यानं काचेच्या ग्लासात उकळता चहा दिला. मी ग्लास कडेला दोन बोटांनी धरला, तरी भाजला म्हणून ओढणीत गुंडाळला. आण्णांनी मात्र आपला ग्लास सगळ्या मुठीत धरला होता. धरून माझ्याशी बोलत राहिले, आईच्या गुडघ्याबद्दल, पावसाबद्दल, यंदा मागणी किती आहे त्याबद्दल. मी म्हटलं, “हात भाजत नाही का?” ते म्हणाले, “दारूवाल्याचा हात हाय बाई, त्याला काय भाजतंय.” मलाही ते पटलं. लहानपणापासून मला त्यांचे हात असेच वाटत आले होते, सगळं झेलणारे.

आम्ही माळावर पोचलो. दिवाळी तोंडावर आलेली, ऑक्टोबरचं ऊन वरून उभं, लिंबाची सावली बुंध्याशी गोळा झालेली. सात-आठ बायका लिंबाखाली बसल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या मावशी उठून पुढं आल्या. त्या मूळच्या ईट गावच्या, लग्न होऊन आमच्या गावात आल्या त्या सालापासून आमच्याकडं कामाला. मला त्यांनी कडेवर घेतलेलं आहे. “किती वाट बघायला लावली गं बाय,” म्हणाल्या, “चल, सगळं करून ठिवलंय.”

सगळं म्हणजे खरंच सगळं. हत्यारं मांडलेली, झेंडूच्या माळा लावलेल्या. आणि मसाल्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर, काळ्या दगडाच्या मधोमध, रांगोळी. कमळ काढलं होतं, कोपऱ्यांत स्वस्तिक, आत हळदीकुंकवाचे ठिपके. मावशी कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या. “वहिनी न्हाईत, म्हणून म्हटलं उंबरा सुना नको दिसायला. तू येणार म्हणून काढली.”

रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. खर. मी जी वहीत लिहिते तीच.

मी खाली वाकून बघितलं. दगडाला मधून एक जुनी फट आहे. त्या फटीत मसाला चंदेरी चकाकत होता, बारीक, वर्षभर पायांनी येऊन साठलेला. वर रांगोळी. आणि दगड कोरडा ठणठणीत होता.

“पाणी?” मी विचारलं.

“टाकलं की,” आण्णा म्हणाले. “सकाळीच पाच तांबे टाकले, तुझ्या आईनं सांगितलं व्हतं. म्हटलं तू आल्यावर खोळंबा नको.”

सकाळी टाकलेलं पाणी. मी दहाला आले असते तर दगड ओला असता, आणि मावशींना त्यावर रांगोळी काढता आली नसती. माझी एसटी रखडली तेवढ्या वेळात माळावरच्या वाऱ्यानं तो पार सुकवून टाकला होता. ऊन झालं, रेती झाली, आणि आता घाई.

“आण्णा, पुन्हा पाणी टाकू या,” मी म्हटलं.

“कशाला? रांगोळी पुसंल. तिनं एवढी काढलीया.” त्यांनी चप्पल कधीच बाहेर सोडली होती. वाकले, तळहात दगडावर सपाट ठेवला, नेहमी ठेवायचे तसाच, डोळे थोडे मिटून. आणि म्हणाले, “गार हाय.”

आता हा शब्द मी फोनवर शेकडो वेळा ऐकला होता, आणि त्यावर विश्वास ठेवून जगले होते. म्हणून क्षणभर मला खरंच वाटलं, की माझंच चुकतंय. त्यांनी नारळ घेतला. शेंडी मागं, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. मी म्हटलं, “थांबा.” शुभ कामात कुणी थांबा म्हणत नाही. बायकांमध्ये कुजबुज झाली. आण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “व्हय बाजूला,” म्हणाले.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी जाऊन त्या दगडावर बसले.

उंबऱ्यावर बसू नये हे आमच्याकडं रांगतं पोरही जाणतं. त्यात नवमीचा दिवस, हत्यारांची पूजा, आणि बसणारी घरची लेक. मावशींच्या तोंडून “अगं बाय” एवढंच निघालं. आणि मी, बारा वर्षं काचेमागून हातोडा पाडणारी, त्याच रांगोळीवर, त्याच फटीवर माझं सगळं वजन घेऊन बसले होते. नोकरीनं मला काय अक्कल दिली ते तिथं दिसलं. पण त्या वेळी ते डोक्यात आलंच नाही, कारण दगडाचा चटका सलवारीतून असा बसला की डोळ्यांत पाणी आलं.

“ऊठ,” आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “लोकांपुढं शोभा करू नको. ऊठ.”

“दगड भाजतोय, आण्णा.”

“गार हाय म्हणलं ना.”

“मला बसवत नाही इथं एवढा तापलाय. तुम्ही परत हात लावा.”

त्यांचा चेहरा लाल झाला. माझ्या आयुष्यात मी त्यांना एवढं रागावलेलं बघितलं नव्हतं. पण त्यांनी नारळ काखेत धरला, वाकून माझ्या शेजारी तळहात ठेवला, आणि ठेवून माझ्याकडं बघत राहिले, म्हणजे मी बघावं म्हणून. “हे बघ. गार.”

मग मावशी आल्या. त्या भांडण मिटवायलाच आल्या असाव्यात, आण्णांच्या बाजूनं. त्यांनी पुढं होऊन आण्णांच्या हाताशेजारी आपला हात टेकवला आणि लगेच झटकून मागं घेतला. फुंकर घातली. “आण्णा,” त्या हळूच म्हणाल्या, “तवा झालाय ह्यो.”

आण्णांचा हात अजून दगडावरच होता. त्यांनी मावशींकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खाली. दगडाकडं नाही, आपल्या हाताकडं. तो त्यांनी उचलला, उलटा केला, तळवा बघितला. तळवा लाल झाला होता. त्यांनी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो दाबून बघितला. तेव्हा मला फाट्यावरचा चहाचा ग्लास आठवला.

आण्णांना साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली आहेत. ते गोळ्या घेतात, कधी विसरतात. त्यापलीकडं मी कधी विचारलं नव्हतं. मी रोज दगडाबद्दल विचारत होते.

मी उठले. सलवारीला पांढरं, पिवळं, लाल लागलं होतं. आण्णांनी नारळ मावशींच्या हातात दिला. “लिंबाखाली फोडा,” म्हणाले, “तिथल्या दगडावर.” आणि ते पिंपाकडं गेले, तांब्या भरून आणला, आणि उंबऱ्यावर ओतला. एक, दोन, तीन, चार, पाच. रांगोळी वाहून गेली. लिंबाखाली नारळ एका फटक्यात फुटला आणि मी नेहमीसारखी दचकले.

काहीच झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते. त्या दिवशी आण्णांनी नारळ उंबऱ्यावर फोडला असता तर काय झालं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित नारळच फुटला असता. माझ्या वहीत त्याची नोंद ‘नाही झालं’ अशी झाली असती आणि आण्णांची चाळीसची एक्केचाळीस वर्षं झाली असती. मी बरोबर होते याचा माझ्याकडं काही पुरावा नाही. काळ सोकावतो म्हणतात, तो असाच सोकावत असावा, एकेका ‘नाही झालं’नं.

घरी आले तेव्हा आई पलंगावर पाय लांब करून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती दचकेल, रडेल. ती पदराशी चाळा करत राहिली.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“त्यांच्या पायात बाभळीचा काटा गेला व्हता, मागच्या उन्हाळ्यात. चपलेतून आरपार. दोन दिवस त्यांना कळलं न्हाय. म्या रक्त बघितलं तवा कळलं. मग हाताचंबी ध्यानात आलं. म्हणाले, कुणाला सांगू नको. माझ्या माहेरच्या खंडोबाची, अणदूरच्या, शपथ घातली. दारूवाल्याचा हात गेला म्हणल्यावर बायका कामाला येतील का, म्हणाले.”

“आणि दगड?”

“म्या जात व्हते की रोज, डबा घिऊन. म्याच दगडावर हात टेकून दम खायचे, आन् म्हणायचे, चला आता, ऊन झालं. मग ते बंद करायचे. बायकांना वाटायचं त्यांनीच वळखलं.”

मी हिशोब केला. तिचं ऑपरेशन पावसाळ्याच्या तोंडाला. तेव्हापासून ती माळावर गेली नव्हती. म्हणजे चार महिने, ऐन हंगाम, आण्णा रोज त्या दगडावर हात ठेवून काहीच न कळता ‘गार हाय’ म्हणत होते, किंवा घड्याळ बघून अंदाजानं ‘तापला’ म्हणत होते, आणि मी फोन ठेवून निवांत चहा पीत होते. मी आईवर ओरडले. जे तोंडाला येईल ते बोलले. शपथेपेक्षा माणूस मोठा की नाही, म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू हितं असतीस तर तुला सांगितलं असतं.” मी अंगणात जाऊन फेऱ्या मारत राहिले.

एक विचारायचं राहिलं होतं, ते परत येऊन विचारलं. “पाच तांबे कशाला ओततात, माहीत आहे का तुला?”

“न्हाय बा. सासूबाई म्हणाल्या, उंबरा भिजल्याबिगर नारळ फोडू द्यायचा न्हाय. म्हणून.”

आजीनं कारण सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि वाटेत कुठंतरी गळालं असेल. नुसतं पाणी राहिलं, आणि ते कधी ओतायचं ते आईच्या अंगवळणी. आण्णांना फक्त आकडा माहीत होता.

दसऱ्याला आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. आपट्याची पानं दिली, मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तोच हात, आणि बाहेर निघून गेले. त्यांना दवाखान्यात नेण्याबद्दल, परवान्याबद्दल, सगळं बंद करण्याबद्दल माझ्या मनात भाषणं तयार होती. एकही सुरू करता येईना. माणसाचा हात गेला आहे हे त्याला सगळ्या गावादेखत दाखवून दिल्यावर वर आणि भाषण करायचं, हे माझ्यासारख्या तोंडाळ बाईलाही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. काम पहाटेच सुरू झालं होतं. मी पिशवी भरून दारात बसले होते, पाय हलवत. साडेआठच्या पुढं आण्णा मोटारसायकल घेऊन आले. मला वाटलं फाट्यावर सोडणार. त्यांनी गाडी माळाकडं वळवली.

कुंपणापाशी त्यांनी चप्पल काढली, मी काढली, फोन पेटीत ठेवला. बायका कामावर होत्या. दाराशी बसलेल्या मावशींनी मान वर केली. आण्णा मसाल्याच्या खोलीपाशी गेले आणि सवयीनं उंबऱ्याकडं वाकले. मग सरळ झाले. सगळ्या बायका बघत होत्या, आणि ते त्यांना माहीत होतं.

त्यांनी माझं मनगट धरलं. माझा हात त्या काळ्या दगडावर नेऊन ठेवला, लहानपणी पाटीवर ठेवायचे तसा, वर आपला हात दाबून.

“सांग,” म्हणाले.

बंद करायच्या नेहमीच्या वेळेला अजून तासभर होता. मागणी पडून होती. मी हात ठेवून राहिले, घाई केली नाही.

“तापलाय, आण्णा.”

“बंद करा,” ते आत बघून म्हणाले. बायकांनी हात थांबवले, मावशी फावडं ठेवून उठल्या. “उद्यापासून तुमी सांगायचं,” आण्णा मावशींना म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

मी हात काढायला लागले, पण त्यांनी तो सोडला नाही. माझ्या शेजारी आपला दुसरा हात त्यांनी दगडावर ठेवला, आणि बराच वेळ ठेवला.

“मला अजून गारच लागतोय, बाई,” ते म्हणाले.